कासव दर्शन १००% गॅरंटी?

पोस्ट मोठी आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरकावं, राग नाही. ज्यांना राग येणार आहे त्यांनी मात्र पूर्ण वाचून मग तो व्यक्त करावा.

होळीनंतर आम्ही अमरावतीचे अडतीस जण कोकणात वेळासला जाऊन आलो. कासव महोत्सव. राजापेठवरून संध्याकाळी बस निघाली, पुणे, माणगाव, मंडणगड करत दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. सगळा मिळून आठशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. दोन मुक्काम, चार वेळा किनाऱ्यावर गेलो. त्यातल्या तीन वेळा काहीच निघालं नाही. शेवटच्या सकाळी एका टोपलीखाली सात पिल्लं निघाली. सात म्हणजे सातच.

परत येऊन पंधरा दिवस झाले, पण टूरचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे, आणि त्यावर अजून पैसे परत मागणं चालू आहे. जाहिरातीत "१००% कासव दर्शन" लिहिलं होतं, दर्शन झालं ते पाच मिनिटं आणि मागच्या रांगेतल्यांना तेही नाही, म्हणून पैसे परत. इथपर्यंत मी गप्प होतो. पण परवा टूरवाल्या भाऊंनी सगळ्यांना शांत करायला एक मेसेज टाकला. त्याचा अर्थ असा: पुढच्या वर्षीपासून आपण आधीच फोन करून पिल्लं ठेवायला सांगू, टबमध्ये राहतील, आपली बस पोहोचली की सोडू, कोणाचीच निराशा होणार नाही.

त्या मेसेजवर एकवीस अंगठे आले. एकवीस. डॉक्टर आहेत त्यात, दोन शिक्षक आहेत, एक निवृत्त अधिकारी आहेत. ही पोस्ट त्या एकवीस अंगठ्यांवर आहे. माणसं चांगली आहेत, माझ्या ओळखीची आहेत, म्हणूनच लिहितोय.

आधी माझं सांगतो, नाहीतर म्हणाल हा मोठा शहाणा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपल्या उचलल्या, खाली कोरडी वाळू. माझा नऊ वर्षांचा मुलगा रडकुंडीला आलेला. तेव्हा मीच तिथल्या कासवमित्राला म्हणालो, "दादा, एखादा खड्डा थोडा उकरून पाहता येईल का? तारीख तर झालेली दिसते पाटीवर." मागून आमच्यातलेच एक काका म्हणाले, "हो ना भाऊ, येवढ्या दुरून आलो आपण. पाहा ना जरा हात घालून." तो पोरगा विशीतला असेल. हसला, आणि म्हणाला, "ते त्यांच्या वेळेनं येतात. आपण बोलावून येत नाहीत." एवढंच बोलला आणि टोपली परत पालथी घालून पुढच्या खड्ड्याकडे गेला.

मला तेव्हा थोडा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. आज वाटतं, त्या पोरानं त्या संध्याकाळी आम्हा अडतीस जणांना नाही म्हटलं हीच त्या सगळ्या महोत्सवातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. आणि आमचा टूरवाला पुढच्या वर्षी त्या "नाही"चीच किंमत ठरवायला निघाला आहे.

हे वेळास काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, नाना फडणवीसांचं. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवं थंडीत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि निघून जातात. मागे वळून बघत नाहीत. पुढचे पन्नासएक दिवस अंडी वाळूच्या उबेवर. पूर्वी काय व्हायचं, माणसं उकरून न्यायची, खायची, विकायची. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांची मंडळी समुद्रगरुडाचा शोध घेत तिथे गेली होती. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि काम सुरू झालं. अंडी हलवून जाळीच्या कुंपणात, तसाच खड्डा करून पुरायची, पहारा ठेवायचा, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. आणि पहाऱ्याला ठेवली कोण? गावातलीच माणसं. ज्यांना अंडी कुठे असतात ते नेमकं ठाऊक होतं तीच.

मग २००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. लोकांच्या घरात उतरायचं, त्यांच्या घरचं जेवायचं. आम्ही ज्या घरी होतो तिथल्या काकूंनी सांगितलं, फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या पाहुण्यांवर त्यांच्या घराचं वर्षाचं बरंच भागतं. म्हणजे अंडं विकून जे एकदा मिळायचं ते अंडं राखून दर वर्षी मिळायला लागलं. वेळासचं पाहून आंजर्ल्यासारख्या गावांतही हे काम उभं राहिलं, आणि आता गावकरी आणि वन विभाग मिळून ते पाहतात.

म्हणून "पर्यटन बंद करा" म्हणणाऱ्यांतला मी नाही. जे जातात त्यांच्या पैशावर तो पहारा चालतो, हे मान्य. पण पहारा ज्यांच्या पैशावर चालतो तेच उद्या म्हणाले की आमच्या बसच्या वेळेनुसार पिल्लं निघाली पाहिजेत, तर पहारा कोणापासून करायचा?

आता टबमध्ये ठेवलं तर काय बिघडतं, हा प्रश्न ग्रुपवर विचारला गेला. प्रामाणिकपणे विचारला गेला, म्हणून प्रामाणिक उत्तर देतो. पिल्लू वाळूतून वर येतं ते बहुतेक रात्री, वाळू थंड झाल्यावर. पोटात अंड्यातला उरलेला बलक असतो, तीच शिदोरी. किनारा पार करायचा, लाटा फोडायच्या आणि पहिला दिवसभर न थांबता खोल पाण्याकडे पोहत राहायचं, हे सगळं तेवढ्या शिदोरीवर. किनाऱ्याजवळच मासे, खेकडे, पक्षी टपलेले असतात, तिथून लवकर निघून जाणं हेच त्याचं वाचणं. टबमध्ये ठेवलं की ते टबमध्येच पोहतं, धडका देतं, हातपाय मारतं. शिदोरी तिथेच संपते. हिरव्या कासवांच्या पिल्लांवर हे मोजून पाहिलेलं आहे, जितका वेळ डांबून ठेवावं तितकं पोहणं मंदावतं. मग आपली बस येते, आपण टाळ्या वाजवतो, पिल्लू पाण्यात जातं, आपल्याला वाटतं वाचलं. ते पुढे शंभर मीटरवर कोणाच्या तोंडी जातं ते रीलमध्ये येत नाही.

आधीच म्हणतात की हजारात एखादंच मोठं होतं. त्या एकातलाही वाटा आपल्याला पाहिजे.

आणि खरं बोलायचं तर आज जे चालतं तेही अगदी निर्दोष नाही. रात्री निघालेलं पिल्लू सकाळी टोपली उचलेपर्यंत थांबतंच. महोत्सवाच्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या आहेत त्या आपल्यासाठी, पिल्लांसाठी नाहीत. अंडी जागच्या जागी राखता येत असतील तर हलवूच नयेत, असंही बरेच अभ्यासक सांगतात, कारण वाळू किती तापते त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. म्हणजे ही आधीच एक तडजोड आहे. माणसांनी लुटू नये म्हणून केलेली. त्या तडजोडीत आता आपण अजून एक बोट शिरकवू बघतोय.

गर्दी काय करू शकते याचं एक उदाहरण द्यायलाच पाहिजे. मध्य अमेरिकेत कोस्टारिका देशात ओस्तिओनाल नावाचा किनारा आहे. तिथे हीच ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी एकदम येतात. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या किनाऱ्यावर पर्यटकांची एवढी गर्दी झाली की कासवांना वर यायला वाट राहिली नाही. लोक मध्ये उभे, फोटोसाठी लेकरं कासवाच्या पाठीवर बसवलेली. कित्येक माद्या अंडी न घालताच पाण्यात परत फिरल्या. ते लोकही निसर्गप्रेमीच होते हो. तिकडे आवड होती म्हणूनच गेले होते. आपल्या जवळचं पाहायचं तर गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग हे कासवांचे किनारे. मोरजीला शॅक आणि दिव्यांचं काय झालंय ते गेलेल्यांनी पाहिलं आहे. पिल्लू उजेडाकडे चालतं, कारण मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यात उजळ बाजू समुद्राची असते. हॉटेलचा दिवा त्याहून उजळ लागला की ते उलटं रस्त्याकडे चालतं. आमच्यातल्या चार जणांनी पहिल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर किनाऱ्यावर मोबाइलचे टॉर्च लावून "एखादं अंडी घालायला येते का पाहू" असा फेरफटका मारला होता. समुद्रातून येणाऱ्या मादीला तो उजेड दिसला तर ती बाहेरच येत नाही. म्हणजे जे पाहायला गेलो तेच पळवलं.

आता म्हणाल, समुद्र आपल्यापासून आठशे किलोमीटर, आपल्याला काय. थांबा, आपल्याच विदर्भाकडे येतो.

३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. एफ-२ नावाची वाघीण आणि तिची पाच बछडी रस्त्यावर, आणि पुढून जिप्सी, मागून जिप्सी. वाट बंद. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबन झालं, दंड झाला, तो जिप्सीचालकांना आणि गाइडना. झालं ते योग्यच झालं. पण मला सांगा, जिप्सी पुढे घ्यायला सांगतं कोण? मेळघाटातल्या, ताडोब्यातल्या कोणत्याही चालकाला विचारा, तो सांगेल. "भाऊ, जरा समोर घे ना, दिसून नाही राह्यला." "दाखव बापा वाघ, टिप देतो तुले." ज्या दिवशी वाघ दिसत नाही त्या दिवशी टिप नाही, वर ऑनलाइन एक स्टार. त्याची रोजी आपण वाघाच्या शेपटीला बांधून ठेवली आणि नंतर तो वाघाच्या मागे धावला म्हणून त्यालाच दंड. टूरवाला "१००%" लिहितो ते पण काही मनानं लिहीत नाही. न लिहिणाऱ्याची बस भरत नाही. आपणच भरत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेटच्या प्रकरणात निकाल देताना व्याघ्रप्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन भागात मोबाइल वापरायला बंदी आणि रात्रीच्या पर्यटनाला मनाई केली. तेव्हा आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया काय होती? "मग जायचं कशाला?" मी हे वाक्य राजापेठच्या एका चहाच्या टपरीवर स्वतःच्या कानांनी ऐकलं. या माणसाचं उत्तर त्याच्याच प्रश्नात आहे. तो जंगल पाहायला जातच नव्हता, पाहिल्याचा पुरावा आणायला जात होता.

मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे, १९७४ पासूनचा. आपल्या दारातला. आणि आपण अमरावतीकर त्याच्याबद्दल एकच गोष्ट बोलतो: तिथे वाघ दिसत नाही. डोंगर आहेत, खोल दऱ्या आहेत, साग आहे, बांबू आहे, वाघाला लपायला जागा आहे. म्हणून दिसत नाही. दिसत नाही याचा अर्थ त्याचं बरं चाललंय. पण आपल्याला ताडोबा पाहिजे. सेमाडोह-कोलकासला जाऊन आलेला माणूस रानगवा पाहिला, अस्वल पाहिलं, सिपना पाहिली हे सांगतच नाही, "काहीच नाही दिसलं" म्हणतो.

या कोअरसाठी बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली, त्यानंतर आणखी उठली. कोरकू माणसं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडून अकोटच्या बाजूला सपाटीवर आली. जानेवारी २०१९ मध्ये त्यातलेच काही पुन्हा जंगलात परत गेले आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांची चकमक झाली, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले, ते आठवत असेल. त्या पुनर्वसनात काय चुकलं, काय बरोबर होतं, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे. पण माणसांना सांगितलं गेलं की वाघाला शांतता पाहिजे, म्हणून तुम्ही जा. आणि केंद्राच्या २०१२ च्या नियमांनुसार कोअरच्या वीस टक्क्यांपर्यंत पर्यटन चालतं, तिथे आपण जातो. ज्या शांततेसाठी दुसऱ्यानं घर सोडलं तिथे जाऊन आपण "दिसलं नाही, पैसे वापस" म्हणतो. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, आणि मी स्वतः दोनदा केली आहे.

वेळासची गोष्ट मला म्हणून मोठी वाटते. तिथे गाव उठलं नाही. गावच राखण करतं, गावालाच पैसा मिळतो, आणि गावच पाहुण्याला नाही म्हणू शकतं. मेळघाटातला जिप्सीवाला नाही म्हणू शकत नाही, त्याची हिंमत नाही असं नाही, त्याच्या हाती काही नाही. उद्या आमच्यासारख्या दहा बसनी फोन करून "पिल्लं राखून ठेवा, जास्त पैसे देतो" सुरू केलं तर वेळासच्या त्या पोराच्या हातातूनही ते जाईल. एक गाव नाही म्हणेल, बाजूच्या किनाऱ्यावरचा कोणी एक हो म्हणेल, मग सगळ्या बस तिकडे वळतील.

आता कोणी म्हणेल आपल्या लोकांना शिस्तच नाही. हे मला अजिबात मान्य नाही. हीच अडतीस माणसं शेगावला जातात. तीन-तीन तास रांगेत उभी राहतात. सेवाधारी "माऊली, पुढे चला" म्हणाला की दोन सेकंदात समाधीसमोरून पुढे सरकतात, मोबाइल बाहेर काढत नाहीत, आणि बाहेर येऊन म्हणतात किती छान दर्शन झालं. तिथे कोणी म्हणतं का, मागच्या रांगेतून नीट दिसलं नाही, पैसे परत द्या? आपल्याला कुठे कसं उभं राहायचं ते बरोबर कळतं. फक्त वाळूतलं कासव आणि जंगलातला वाघ यांच्यासमोर आपण गिऱ्हाईक होतो. देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला लावणारे आपण, जिवंत कासवाला म्हणतो आमच्या टायमात ये.

(आणि जाता जाता. आमच्या टूरमधल्या एका घरी वास्तूसाठी काचेच्या भांड्यात ठेवलेलं चांदण्यांच्या पाठीचं कासव मी स्वतः पाहिलं आहे. ते तारा कासव आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं. पाळणं गुन्हा आहे. वेळासला जाऊन डोळे पुसणाऱ्यांनी आधी घरातलं भांडं वन विभागाच्या हवाली करावं. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.)

मुलांना दाखवायचं होतं, हा सगळ्यात भारी मुद्दा असतो, त्यापुढे कोणी बोलत नाही. माझ्या मुलाचंच सांगतो. तीन वेळा रिकामी वाळू पाहिली त्यानं. संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर बसून त्यानं त्या कासवमित्राला शंभर प्रश्न विचारले. त्यात त्याला कळलं की २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या भारताला वळसा घालून. घरी आल्यावर त्यानं भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीनं ती वाट काढली आहे, ओडिशा, चेन्नई, कन्याकुमारी, केरळ, गोवा, गुहागर. मध्येच श्रीलंकेला पण नेलं आहे, ते त्याचं त्याला माहीत. पहिल्याच टोपलीखाली शंभर पिल्लं निघाली असती तर व्हिडिओ काढून आम्ही दापोलीला मासे खायला गेलो असतो.

तर टूरवाल्या भाऊंना माझी जाहीर विनंती आहे. जाहिरातीतून "१००%" काढा. त्याजागी लिहा की पिल्लं निघतील किंवा निघणार नाहीत, दोन मुक्काम आहेत, किनाऱ्यावर टॉर्च चालणार नाही, हात लावायचा नाही, पैसे परत मिळणार नाहीत. बस भरली नाही तर मला फोन करा, पहिल्या दोन सीट माझ्या आणि माझ्या मुलाच्या. आणि तो फोन, पिल्लं राखून ठेवायचा, तो करू नका. कराल तर कोणत्या गावी केला ते शोधून मी इथेच लिहीन.

ज्या एकवीस जणांनी अंगठा दिला त्यांच्याशी माझं भांडण नाही. अंगठा काढता येतो. मेसेजवर बोट दाबून धरायचं, निघतो.

आणि ज्यांना अजूनही पैसे परतच पाहिजेत त्यांनी बुद्ध पौर्णिमेला माझ्यासोबत मेळघाटात मचाणावर चला. पाणवठ्यासमोर रात्रभर बसायचं, बोलायचं नाही, टॉर्च नाही. मागच्या वेळी मी गेलो तेव्हा पहाटेपर्यंत एक सायाळ आणि दोन सांबर आले. वाघाची डरकाळी फक्त एकदा ऐकली, ती पण खूप लांबून.